ईनबाई, रसभऱ्या गळायला लागल्या

ईनबाई, परसात रसभऱ्या गळायला लागल्यात. सकाळी झाडांखाली बघितलं तर तीस-चाळीस तरी पडलेल्या, वाळक्या कागदासारख्या टोपड्यात गुंडाळलेल्या. मी एकबी उचलली नाही. तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले, आणि तुमच्याशी माझं भांडण राहिलंय. ते केल्याबिगर मला चैन पडणार नाही, म्हणून वही घेऊन बसले.

वाचणाऱ्याला कळावं म्हणून आधी सांगून टाकते. भागाबाई म्हणजे माझी ईन, माझी सून मनीषा हिची आई. फुलंब्रीच्या पुढं एका खेड्यात एकट्या राहायच्या, दुसऱ्याच्या रानात खुरपायला आणि कापूस वेचायला जायच्या. मी शहरात, मुकुंदवाडीत, नवऱ्यानं बांधून ठेवलेल्या तीन खोल्यांत. मागं चार खाटा मावतील एवढं परस. बाकी तुमचं वय काय, माहेर कुठलं, मागं कोण, ते दहाव्याला सगळ्यांनी सांगून झालं. चांगल्या होत्या म्हणाले. शांत होत्या म्हणाले. मला तर तिथंच हसू फुटलं, पदर तोंडात कोंबला. शांत? तुम्ही?

तुमच्या हाताला हळू म्हणून काही ठाऊकच नव्हतं. पानाखाली अळी दिसली की चिमटीत चिरडायची आणि हिरवं पाणी पातळाला पुसायचं. घुशीनं भिंतीच्या बुडाला बीळ केलं तेव्हा तुम्ही पहार घेऊन तासभर दगडासारख्या बसल्या होत्या. घूस बाहेर आली आणि एकच घाव. मला बघवलं नाही. तुम्ही तिला शेपटीला धरून नाल्यात भिरकावली आणि हात राखेनं घासून पान लावायला बसल्या. आणि तुमचं खुरपणं! डाव्या हातानं तणाची मुंडी धरायची, उजव्या हातातलं खुरपं मुळाशी खुपसायचं आणि मनगटाला एक हिसका. "मुंडी पिरगाळल्याबिगर तण मरत नाय, ईनबाई." तीस वर्षं दुसऱ्यांच्या रानात तुम्ही हेच केलं होतं. हात आपोआप चालायचा, डोळ्याला विचारायचासुद्धा नाही.

त्या हातानंच आपली पहिली लढाई लावली.

मनीषाच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी औरंगपुऱ्यातून रसभरीच्या बियांची पुडी आणली. चौथी शिकलेली बाई मी, पण जे छापील दिसेल ते वाचायची खोड. पुडीवर लिहिलं होतं, मार्च-एप्रिलात पेरा. मी आपलं अक्षर न् अक्षर पाळलं. पाडवा झाला की वाफा केला, राखेत घोळून बी टाकलं, वर पोतं झाकलं. आपल्याकडं नळाला आठवड्यानं पाणी, तरी भांडी विसळलेलं पाणी गाळून घातलं. चार-दोन उगवली ती वैशाखात पापडासारखी भाजली. मी नाद सोडला. तर आषाढात तिथंच, न पेरता, हिरवी ठिणगी ठिणगी दिसायला लागली. जमिनीत निजलेलं बी उठलं होतं. साठ रोपं मोजली मी. रोज मोजायची. कुणाला सांगितलं नाही, नजर लागेल म्हणून.

श्रावणात तुम्ही लेकीला माहेरी न्यायला आलात. भाऊ नाही तिला, म्हणून स्वतःच मुऱ्हाळी. मी अंघोळीला गेले. तुम्हाला बसवत नव्हतं, मागं गेलात. मी ओल्या केसांनी बाहेर येते तर परस कसं, सारवल्यागत! एक पान नाही. भिंतीशी हिरवा ढीग आणि तुम्ही घाम पुसत उभ्या.

"चिरबोटी लई माजली व्हती तुमच्यात. साफ केली सगळी."

चिरबोटी म्हणजे रसभरीचीच रानातली बहीण. कापसात, बाजरीत आपोआप येते, पावसानंच येते, आणि लहानपणी दोघींना शेजारी उभं केलं तर मायसुद्धा फसेल. मला ते तेव्हा कुठं सुचतंय? मी ढेकूळ उचललं आणि तुमच्या अंगावर मारलं. खांद्याला लागलं, फुटलं. दुसरं मारलं. आंधळी, रांडव, हात झडो तुझा, तोंडाला येईल ते बोलले. मुलाची आई होते ना मी. मुलीच्या आईनं ऐकून घ्यायचं असतं, हे दोघींनाही पाठ होतं.

तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. म्हणजे उलटंही बोलला नाहीत. ढिगाशी बसलात, एक रोप उचललं, पान बोटावर घासलं. "अगं बया, लव हाय की हिला. मखमलीवानी. चिरबोटी खरबरीत असती." आणि मग एवढं हसलात, एवढं हसलात की मनीषा घरातून पळत आली. "ईनबाई, ढेकळं ठिवा खाली आन् पाणी आणा. चिरबोटीची जात हाय ना? मग मरत नाय. मी तीस वर्सं मारतेय, दरसाली पुन्यांदा हजर!" चिखल केलात, देठ अर्धं जमिनीत जाईल एवढं खोल लावलंत एकेक, वर तुमचंच एक जुनं लुगडं मांडव म्हणून बांधलंत. साठातली एकोणीस जगली. पुडी दाखवली तर तुम्ही उलटी धरून बघितलीत, वाचता येत नव्हतं, आणि म्हणालात, "कागदाला ऊन लागतंय व्हय? थंड मुलकात छापलेलं दिसतंय. रानातली बहीण कवा उगवती ते बघायचं, तवाच हिला पेरायचं. हिला काय येगळा पाऊस हाय का?"

तेव्हापासून आषाढात पेरणी, श्रावणात लावणी, थंडीत फळ. उन्हाळ्याच्या आत सगळं आवरायचं, कारण ऊन चढलं की फूल धरतच नाही, नुसतं गळतं. ज्याला आपल्या गरम गावात रसभरी लावायची त्यानं हे लक्षात ठेवावं. एका अंगठेबहाद्दर बाईनं शिकवलंय, पुडीनं नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही शिकवली ती तर आजही लोकांना सांगितली की खोटी वाटते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा तुमचा नेम. मनीषाला मूल झालंच नाही, म्हणून तुमचा नेम नऊ वर्षं चालला. येताना फडक्यात भाकरी-ठेचा, प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी. माझ्या दारात बसून स्वतःचं खायच्या. मीही कधी हात धरून "असू द्या हो, या आत जेवायला" म्हणाले नाही. म्हणता आलं असतं. मुलाची आई म्हणाली असती तर नेम मोडला असता. मी म्हणाले नाही, कारण मला ते आवडायचं. हे आज पहिल्यांदा लिहितेय.

पण रसभरीला तुम्ही वाट काढली. मी झाडावरची पिवळी झालेली तोडायची. आंबट, घशाला खाजवणारी. दोन हंगाम मला वाटलं असंच फळ असतं हे, उगाच नाव झालंय. तुम्ही मात्र खाली बसून पडलेल्या वेचायच्या, टोपडं फोडून तोंडात टाकायच्या. मी टोमणा मारला, "काय ईनबाई, नेम मोडला का?"

"झाडावरचं तुमचं. भुईवर पडलं ते भुईचं. भुईवर माझ्या जावयाचं नाव हाय का?"

"मातीतलं उचलून खाता, मग आमचं ताटातलं काय वाईट होतं?"

"आवो, खाऊन तर बघा! तोंड बंद व्हईल तुमचं."

एक पुढं केलीत. खाल्ली. ईनबाई, मध होता तो, त्याला अननसाचा वास. रसभरी झाडावर पिकतच नाही, पिकली की स्वतः सुटते. खाली वाळका पाला अंथरून ठेवायचा आणि वाट बघायची. आमच्या घरचं न खाणाऱ्या बाईला आमच्या परसातली चव दोन वर्षं आधी कळली होती आणि मी घरची मालकीण आंबट खात बसले होते.

आता भांडण.

तिसऱ्या साली मी युरिया टाकला. झाडं छातीला लागली, पानं ही एवढाली, आणि फळ? नावाला. तुम्ही आलात, बघितलंत आणि खाडकन शेंडे मोडायला लागलात. मी हात धरला. "अहो मारता का त्यांना!"

"लाडानं माजल्यात. खायला घालून घालून माजवलं तुमी. शेंडा मोडल्याबिगर फुटायचं नाय, फळ धरायचं नाय." मोडलेला शेंडा माझ्या हातात ठेवलात आणि घराकडं बघून म्हणालात, "आतबी एक तसंच माजलंय."

आत प्रवीण होता. माझा मुलगा, तुमचा जावई. मी तुम्हाला तेव्हाच्या तेव्हा वाट दाखवली. चार महिने तुमच्याशी बोलले नाही. मनीषाला विचारलं नाही की तुझी आई असं का म्हणाली. विचारायची गरजच नव्हती. मला ठाऊक होतं.

भिंत चार इंचाची आहे आमची. टॉवेल ओला का, चहा गार का, फोन कुणाचा होता, इतकी वर्षं झाली पोर कसं नाही. आधी आवाज चढायचा, मग खुर्ची सरकायची, मग तो आवाज, ओलं कापड दगडावर आपटावं तसा. मनीषा ओरडायची नाही. सकाळची वेळ, तो शिफ्टला जायच्या आधीची. मी काय करायची सांगू? कुकर लावायची. डाळ नसली तर नुसतं पाणी घालून लावायची. शिट्टी झाली की तेवढं ऐकू येत नाही. शेजारणी म्हणायच्या, तुमच्याकडं स्वयंपाक फार लवकर होतो बाई.

आणि तुमचं ते लाडानं माजलंय! तेच मला आजही मान्य नाही, ईनबाई. तुम्ही चुकलात. लाड कुठला त्याच्या नशिबात? त्याचा बाप मला मारायचा. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कुणालाच नाही. मेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालते मी रोज, काचेच्या बांगड्यासुद्धा अजून हातात ठेवल्यात. पट्ट्यानं मारायचा. एकदा उकळता चहा मांडीवर ओतला, डाग अजून आहे. आणि प्रवीण पाच-सहा वर्षांचा, पिठाच्या डब्यामागं बसून बघायचा. रडायचा नाही. बघायचा. पोर बघून शिकलं, खाऊन नाही. हे मी त्या दिवशी परसात तुम्हाला सांगितलं असतं तर आपण दोघींनी मिळून काहीतरी केलं असतं, का नसतं, देव जाणे. मी मात्र तुम्हाला वाट दाखवली.

मग ही सरलेली दिवाळी.

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. झाडं कमरेएवढी, फुलांनी भरलेली, हिरवी टोपडी लोंबायला लागलेली. तुम्ही लेकीला फराळ घेऊन आलात. मनीषा पदर ओढून समोर आली. पदरानं झाकायला तोंड काय लहान असतं? ओठ फाटला होता, डावा डोळा मिटला होता. तुम्ही फराळाची पिशवी उंबऱ्यावर ठेवलीत, पदर खोचलात आणि परसात जाऊन खुरपायला बसलात. मला वाटलं, चला, निभावलं.

प्रवीण दात घासत मागं आला. "काय मामी, आज लई गप?"

"जावईबापू, लेकीचं तोंड कशानं फुटलं?"

"बाथरूमात पडली."

"तुमच्या बाथरूमाला बोटं हायेत व्हय? चार उठल्यात गालावर."

तो हसला. "तुमचीच लेक ना. तुमच्यासारखीच उलटून बोलती."

त्यानंतरचं मी डोळे मिटले की दिसतं. तुम्ही उठल्या कधी ते कळलंच नाही. डाव्या हातात त्याचे केस होते. एक हिसका. एवढा मोठा गडी झाडांवर आडवा झाला, फांद्या कडकड मोडल्या, तुमचा गुडघा त्याच्या छातीवर आणि खुरप्याचं टोक कानाखाली. टोक आत गेलं होतं, ईनबाई. पेस्टचा फेस आणि रक्त एकात एक झालं होतं. तुम्ही दात-ओठ खात नव्हत्या, शिव्या देत नव्हत्या. तण काढताना असायचं तसंच तोंड होतं तुमचं. म्हणून मला भीती वाटली. हात आपोआप चालतो तुमचा, मला ठाऊक होतं.

मी तुमचा अंबाडा धरून मागं ओढलं. तुम्ही मातीत पडलात. आणि मी तुमच्या तोंडात मारली. लोकांना मी सांगते एकदा मारली. दोनदा मारली. दुसऱ्या वेळेला बांगडी फुटली आणि काच तुमच्या भुवईत घुसली. मग प्रवीण उठला आणि त्यानं तुमच्या बरगडीत लाथ घातली. मी त्याला अडवलं नाही. मी पदरानं त्याच्या कानाखालचं रक्त पुसत होते.

तुम्ही उठून बसलात. भुवईतनं रक्त डोळ्यात जात होतं ते मनगटानं पुसलंत. "मला मारलं ते चालतंय," म्हणालात. "पर ह्यो हात आधी घरात उठायचा व्हता, ईनबाई. नऊ वर्सं."

आणि मग तुम्ही मला विचारलंत. सगळ्यांसमोर, हात जोडून नाही, बरोबरीनं डोळ्यात बघून. "लेकीला ठिवून जाऊ का घिऊन जाऊ? तुमी सांगा. तुमच्या शबुदावर जाते."

मी काय म्हणाले ठाऊक आहे ना?

"माझी झाडं मोडली सगळी."

एवढंच म्हणाले मी. माझी झाडं मोडली.

मनीषा म्हणाली, "आई, तू जा." तुम्ही थोडा वेळ थांबल्या. कशाची वाट बघत होता? मी अजून एखादा शब्द बोलीन याची? मग रस्त्यानं गेलात, डाव्या हातानं बरगडी धरून. रिक्षावाल्यानं तुमचं तोंड बघून रिक्षा पुढं काढली, ते मी फाटकातून बघितलं. चालत गेलात. मी हाक मारली नाही.

त्यानंतर दोन महिने तुम्ही आला नाहीत. त्या दोन महिन्यांत त्यानं तिला तीनदा मारलं. मी तिन्ही वेळा घरात होते. कुकर लावायचा सोडला होता, एवढाच काय तो फरक. ऐकत बसायची. मोडलेल्या फांद्या मी काढल्या नव्हत्या, मनच झालं नाही, तर जमिनीला टेकल्या तिथं त्यांनी मुळं धरली आणि पहिल्यापेक्षा दाट झाली ती. रोज सकाळी वाटायचं, आज तुम्हाला फोन करावा, झाडं जगली म्हणून सांगावं. त्या निमित्तानं दुसरंही बोलता आलं असतं. फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. मुलाची आई ना.

मग संक्रांत झाली आणि तुमच्या गावाकडून मनीषाला फोन आला. कापूस वेचून येणाऱ्या बायांचा पिकअप उताराला उलटला. तुम्ही गाठोड्यांच्या वर बसल्या होत्या. सरकारी दवाखान्यात मनीषाला आत जाववेना, म्हणून ओळख पटवायला मी गेले. चादर वर केली त्यांनी. तिकडचं मी लिहीत नाही. कपाळ मात्र चांगलं होतं, आणि भुवईत ती माझ्या बांगडीची खूण. तिच्यावरून ओळखलं मी तुम्हाला. डॉक्टरांनी विचारलं, नक्की ह्याच का? मी म्हणाले, व्हय, ह्याच. कशावरून? मी म्हणाले, माझी ईन आहे, मी ओळखणार नाही का.

तुम्ही माझ्यावर अन्याय केलात, भागाबाई. एवढा मोठा प्रश्न माझ्या दारात टाकून गेलात आणि उत्तर ऐकायला थांबला नाहीत. मला उशीर लागतो हो. मी पुडी वाचून चैत्रात पेरणारी बाई आहे. अजून एक साल द्यायचं होतं मला. एवढी तीस वर्षं त्या चिरबोटीशी भांडलात, माझ्याशी एक साल भांडता आलं नाही?

दहाव्याला प्रवीण आला होता. पांढरा शर्ट, हात जोडून, डोळे पुसत. लोक म्हणाले, जावई असावा तर असा. त्यानंतर दोन दिवसांनी मनीषा घरी आली. सकाळची वेळ. मी ओट्यापाशी खलबत्त्यात आलं ठेचत होते. तिनं त्याला चहा दिला, थोडा बशीत सांडला. तो म्हणाला, "किती दिवस हा तमाशा? खुरपंवाली गेली, सुटलो आपण." मनीषानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं.  त्यानं हात उचलला.

मी बत्ता घातला. मनगटावर. हाड वाजलं ते मला ऐकू आलं, आणि मी दुसऱ्यांदा उचलला.

हे कुणाला सांगता येत नाही, तुम्हाला सांगते. मला वाईट वाटलं नाही. मला गोड वाटलं, ईनबाई. अंगातून गरम काहीतरी वर आलं, आणि वाटलं मारत राहावं. खांदा, डोकं, जे दिसेल ते. तेवढ्यात त्यानं दुसरा हात डोक्यावर घेतला आणि पिठाच्या डब्याशी अंग चोरून बसला. तिथंच. पाच वर्षांचा असताना बसायचा तिथं. आणि मला कळलं की हेच गोड त्याला लागत असणार, त्याच्या बापाला लागत असणार. बत्ता माझ्या हातातून गळून पडला. फरशीचा टवका उडाला.

"आई, मी आहे," तो म्हणाला. "मी तुझा प्रवीण आहे."

मी म्हणाले, "ठाऊक आहे. घर माझ्या नावावर आहे. कपडे घे आणि जा."

तो गेला. वाळूजला मित्राच्या खोलीवर आहे, हाताला प्लॅस्टर. मी आणि मनीषा त्याच दिवशी पोलीस चौकीला गेलो. तिनं तक्रार दिली. मी साक्ष दिली, मारल्याची, मी बत्ता मारला त्याचीसुद्धा. तिथली बाई म्हणाली, "मावशी, पोटच्या पोराच्या विरोधात सही करताय, विचार केलाय ना?" मी म्हणाले, "नऊ वर्षं केला." नातेवाईक फोन करून थुंकतात. तोही करतो. पहिल्यांदा रडतो, मग शिव्या देतो, मग रडतो. मी ऐकून घेते आणि ठेवते. माझा मुलगा आहे तो. आत काय होतं ते मी इथं लिहिणार नाही, तुम्ही आई होता, तुम्हाला सांगायला नको.

चौकीतून येताना रिक्षात मी मनीषाला म्हणाले, बाळा, तू इथंच राहायचं. मी आहे तुला. दोन महिने अडकलेलं वाक्य होतं ते, तुम्हाला द्यायचं होतं, तिला दिलं. मला वाटलं ती माझ्या खांद्यावर डोकं टेकवील.

ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "आई, तुमी होताच की."

एवढंच. 

राहते ती इथंच. पिको-फॉलचं मशीन पुढच्या खोलीत मांडलंय, बाया येतात, बोलते त्यांच्याशी. माझ्याशीही बोलते, मीठ कमी पडलं का, औषध घेतलं का. चौकीला जाऊन आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुतार बोलवून तिनं आपल्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवून घेतली. जाड, लोखंडाची. सुतार म्हणाला, ताई, घरात तर दोघीच बायका, एवढी कडी कुणाला? ती म्हणाली, "बसवा तुम्ही." मी ओट्यापाशीच उभी होते. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

दुपारी जेवण झालं की ती आत जाते आणि कडी लावते. मला ऐकू येतं. मी दारावर थाप मारत नाही, पाणी लागलं तरी उठवत नाही. आज दोन तास झोपली होती, भागाबाई. आपली लेक भर दुपारी घोरते, हे मला नऊ वर्षांत ठाऊक नव्हतं.